काचेच्या टाकीतले बाळंतपण

घरच्या फिश टँकमध्ये जन्मलेल्या माशांच्या पिल्लांना पहिल्या पंधरवड्यात तिघांपासून धोका असतो : आई, मोटर आणि घरातली प्रेमळ माणसे. पहिल्या दोघांवरचे उपाय बाजारात मिळतात. आईसाठी जाळीची पेटी येते. मोटरच्या तोंडाला लावायला स्पंज येतो आणि तो नसला तर शाळेच्या जुन्या पायमोज्याचा तुकडाही चालतो. प्रेमळ माणसांना लावण्यासारखे कोल्हापुरात तरी अजून काही निघालेले नाही.

घरी पिल्ले होतात ती बहुधा गप्पी माशांची. त्याखालोखाल मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांचा नंबर लागतो. हे चौघेही अंडी घालण्याच्या भानगडीत न पडता थेट पोहणारी पिल्ले देतात. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा, म्हणजे ब्रायन लाराच्या मुलखातला. १८५९ साली विल्हेल्म पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पुढे १८६६ साली लंडनच्या अल्बर्ट गुंथर यांनी तोच मासा नवा समजून त्याला त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांचे नाव दिले. शास्त्राच्या दरबारात पीटर्स जिंकले, बाजारात गप्पी. दुकानात उभ्या असलेल्या कोल्हापुरी गिऱ्हाइकाला या दोघांशीही कर्तव्य नसते. त्याचा प्रश्न एकच असतो, “मामा, कितीला जोडी?”

टँक घरात येतो मुलाच्या हट्टाने आणि महिनाभरात पडतो त्याच्या आईच्या गळ्यात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ५६ किलो झाले. वाळू, दगड आणि तोंड उघडणारी ती प्लॅस्टिकची मगर वेगळी. हे वजन टीव्हीच्या शोकेसला पेलत नाही, हे फळीला बाक आल्यावर कळते आणि जागेची नव्याने शोधाशोध सुरू होते. त्यात वास्तुशास्त्र जाणणारे एखादे काका घरात असतातच. ते ईशान्य दिशा सांगतात आणि आठ सोनेरी अधिक एक काळा असा माशांचा हिशेबही सांगतात. गप्पीला हा हिशेब लागू करता येत नाही. आठ गप्पी आठ राहत नाहीत.

गप्पीचा नर लहान, सडपातळ आणि रंगीत शेपटीचा. मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट मोठी, राखाडी आणि कामाला लागलेली दिसते. रंगाला भुलणारे गिऱ्हाईक नुसते नर उचलते. अनुभवी दुकानदार एका नरामागे दोन-तीन माद्या घ्यायला लावतो, कारण नराचे दिवसभराचे काम मादीच्या मागे लागणे हेच असते आणि एकाच मादीच्या वाट्याला तो पूर्ण वेळ आला तर ती थकून मरते. काही सावध कुटुंबे मात्र ‘आम्हाला वाढावा नको’ म्हणून नुसती एक मादी घेऊन जातात. महिन्याभरात तिला पिल्ले होतात.

टँकमध्ये नर नाही, शेजाऱ्यांकडे टँक नाही, तरी पिल्ले झाली, यावर घरात दबक्या आवाजात चर्चा होते. खुलासा साधा आहे. गप्पीची मादी नराचे शुक्राणू शरीरात कित्येक महिने साठवून ठेवू शकते आणि एकदाच्या संबंधावर पुढची अनेक बाळंतपणे उरकते. दुकानातल्या टाकीत नर-मादी एकत्र असतात, त्यामुळे तिथून येणारी वयात आलेली मादी बहुधा सोय करूनच आलेली असते. हा खुलासा वडील मोबाइलवर वाचतात आणि मुलांसमोर मोठ्याने वाचायचा की नाही या विचारात पडतात. आजींना मात्र या प्रकरणात काहीच नवल वाटत नाही. उपरिचर वसू राजाच्या गोष्टीत मासळीच्या पोटी मत्स्यगंधा आणि तिचा भाऊ जन्मल्याचे त्यांनी कीर्तनात ऐकलेले असते. त्यापुढे एका गप्पीची काय कथा!

गर्भार गप्पी ओळखण्याची खूण म्हणजे पोटाच्या मागच्या टोकाला, शेपटीच्या अलीकडे दिसणारा काळसर डाग. दिवस भरत आले की तो गडद होतो आणि पोटाचा आकार गोल न राहता चौकोनी दिसू लागतो. एका खेपेचा काळ तीन ते चार आठवडे. पाणी उबदार असेल तर लवकर, गार असेल तर उशिरा. कोल्हापुरात या निदानात एक अडचण येते. येथल्या घरातला कोणताही मासा आठवडाभरात गर्भार दिसू लागतो, नरसुद्धा. त्यामुळे पोटावर विश्वास न ठेवता डागावर ठेवावा. तरीही माशाचा फोटो दुकानदाराला पाठवला जातो. दुकानदार “दोन-चार दिवसांत होतंय बघा” असे उत्तर देतो. कोणत्याही माशाच्या कोणत्याही फोटोला हेच उत्तर असते आणि ते बऱ्याचदा खरे ठरते, कारण गप्पीच्या बाबतीत दोन-चार दिवसांत कुठेतरी काहीतरी होतच असते.

बाळंतपण अनेकदा रात्री किंवा पहाटे होते आणि काही तास चालते. वेटोळे झालेले पिल्लू बाहेर पडते, क्षणभर खाली जाते, सरळ होते आणि पोहू लागते. लांबी जेमतेम सहा-सात मिलिमीटर, त्यात निम्मे डोळेच वाटतात. एका खेपेला वीस ते पन्नास पिल्ले सहज होतात, थोराड मादीला शंभराच्या वरही. सकाळी चहाचा कप हातात घेऊन टँकपाशी आलेल्या वडिलांना पाण्यात काळे ठिपके हलताना दिसतात आणि पाण्यात डासांच्या अळ्या झाल्याचा निष्कर्ष ते काढतात. आजी चष्मा पुसून बघतात आणि घरभर ऐकू जाईल अशी बातमी देतात, “आगं, पोरं झाल्यात!” तळमजल्यावरच्या काकू “कुणाला?” म्हणून विचारतात. पुढचा अर्धा तास मोजणीत जातो. वडिलांची मोजणी, मुलाची मोजणी आणि मोलकरणीची मोजणी यांचा मेळ कधीच बसत नाही. पिल्ले जागा सोडतात हे एक कारण आणि मोजणी चालू असताना त्यांची आईही जागीच असते हे दुसरे.

आई पिल्ले खाते, ही या विषयातली सर्वांत अप्रिय गोष्ट. मोठा मासा लहान माशाला गिळतो याला आपल्याकडे मात्स्यन्याय म्हणतात आणि राजा कशासाठी हवा हे सांगताना कौटिल्याने त्याचाच दाखला दिला आहे. दिवाणखान्यात तो न्याय डोळ्यांदेखत अमलात येतो तेव्हा कौटिल्य आठवत नाही. आजी त्या मादीला उद्देशून जे बोलतात ते छापण्यासारखे नसते आणि त्यानंतर दोन दिवस तिचा हातचा दाणा बंद होतो. उपाशी मादी उरलेली पिल्लेही खाते. वस्तुतः गप्पीच्या मादीला पिल्लू ओळखताच येत नाही. तोंडात मावेल आणि हलेल ते अन्न, एवढेच तिला ठाऊक. नदीत पिल्ले पांगून गवतात शिरतात, आई पुढे निघून जाते आणि प्रश्न मिटतो. दोन फुटांच्या काचेत दोघांनाही जायला जागा नसते.

सगळेच मासे असे नसतात, हे नोंदवणे न्यायाचे होईल. बाजारात दिसणारा चिलापी या बाबतीत आदर्श म्हणावा लागेल. मोझांबिक चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन उबवते, तेवढे दिवस जवळजवळ काही खात नाही आणि पिल्ले पोहू लागल्यावरही धोका दिसला की त्यांना परत तोंडात घेते. गावभर ज्याला हलका मासा म्हणून नाक मुरडतात, त्याचे घरचे संस्कार हे असे आहेत. फायटर माशात हे काम बाप करतो. खासबागेच्या गावात फायटरची ख्याती अर्थातच कुस्तीसाठी आहे. दोन नर एका भांड्यात ठेवता येत नाहीत हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. पण हाच पैलवान पाण्याच्या पृष्ठभागावर थुंकीच्या बुडबुड्यांचे घरटे बांधतो, मादीने टाकलेली अंडी तोंडाने गोळा करून त्यात चिकटवतो आणि एखादे अंडे निसटले तर खाली सूर मारून परत आणतो. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. त्यानंतरचे दोन-तीन दिवस घरट्याला लोंबणारी पिल्ले पडतात आणि बाप ती उचलतो, पडतात आणि उचलतो. अंडी टाकून झाली की मादीला लगेच बाहेर काढावे लागते, नाहीतर पैलवान तिला सोडत नाही. पिल्ले आडवी पोहू लागली की त्यालाही काढावे. त्याच्या वात्सल्याची मुदत तेवढीच असते.

गोल्डफिश या बाबतीत अगदीच बेफिकीर. पाण्यातल्या वनस्पतींवर शेकडो अंडी उधळायची आणि लगेच मागे वळून ती वेचून खायची, असा त्याचा क्रम असतो. एंजल फिश पानावर ओळीने अंडी घालतो, पंखांनी वारा घालत त्यांची राखण करतो आणि पहिलटकर असला तर काहीतरी बिनसून सगळी एकाच रात्री फस्त करतो. अंड्यातून येणाऱ्या पिल्लांच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते आणि पहिले दोन-तीन दिवस त्यांचे त्यावर भागते. या काळात त्यांना काहीही खायला देऊ नये, असे प्रत्येक पुस्तक सांगते. ज्या गावात वीज बिल द्यायला आलेल्या माणसालाही चहा घेतल्याशिवाय जाता येत नाही, तिथे हे वाक्य कोणी मनावर घेत नाही.

गप्पीच्या आईला पिल्लांपासून वेगळे करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ब्रीडिंग बॉक्स. ही टँकच्या आत लटकणारी प्लॅस्टिकची पेटी असते. मादी वरच्या कप्प्यात राहते आणि पिल्ले फटीतून खालच्या कप्प्यात पडतात. कल्पना उत्तम. पण अगदी टेकलेल्या मादीला जाळीने पकडून एवढ्याशा पेटीत कोंडले तर ती बिथरते आणि अपुऱ्या दिवसांची पिल्ले टाकते. तिला ठेवायचेच तर आधी ठेवावे आणि बाळंत झाल्यावर लगेच सोडावे. दुसरा मार्ग म्हणजे टँकमध्ये दाट वनस्पती. जावा मॉस, हायड्रिला किंवा तरंगती कोणतीही झुडुपी वनस्पती चालते. पिल्ले तिच्यात शिरतात आणि हुशार असतील ती वाचतात. अनुभवी लोक दुसरा मार्ग पत्करतात आणि तो जास्त शहाणपणाचा आहे. पेटी विकत घ्यावी लागते म्हणून दुकानदार पहिला सुचवतात.

वनस्पती फुकट मिळवण्याची खोड कोल्हापुरात जुनी. रंकाळ्यावर फिरायला गेलेले गृहस्थ परत येताना पिशवीत हायड्रिला आणतात, पंचगंगेच्या घाटावरून कोणी जलपर्णीचे एक रोप आणते. जलपर्णीची झुपकेदार मुळे पिल्लांना लपायला खरोखरच चांगली असतात. पण या फुकटच्या मालाबरोबर गोगलगायी येतात, जळवा येतात आणि चतुराची अळी येते. हवेत उडणारा चतुर सगळ्यांना आवडतो. त्याची पाण्यातली अळी मात्र माशाची पिल्ले जबडा फेकून पकडते आणि खाते. आईपासून वाचवलेली पिल्ले मग रोज दोन-तीनने कमी होतात आणि आळ आईवरच राहतो. तळ्यातली वनस्पती फिकट गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून, स्वच्छ धुऊन, आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून मगच टँकमध्ये घालावी. बादली कुठे ठेवायची यावरून होणारा वाद प्रत्येक घराने आपापला मिटवावा.

आता खाण्याचा विषय. पिल्लू जिवंत राहते की नाही हे इथेच ठरते.

नवजात गप्पीचे पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढे असते. त्यात मावते थोडे आणि रिकामे होते लवकर. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी चिमटीच्या टोकावर राहील एवढेच द्यावे. मोठ्या माशांचे कोरडे खाद्य दोन बोटांत चुरून त्याचे पीठ केले तरी गप्पीच्या पिल्लाला ते पहिल्या दिवसापासून चालते. पाच मिनिटांत संपेल तेवढे योग्य, उरेल ते जास्त. नियम एवढाच आहे आणि तो पाळला जात नाही, याचे कारण घराच्या रचनेत आहे. वडील सकाळी पेपरच्या आधी एक चिमूट टाकतात. आई डबे भरून झाल्यावर टाकते, कारण वडिलांनी टाकले असेल यावर तिचा विश्वास नसतो. मुले शाळेतून आल्यावर टाकतात, कारण मासे त्यांचे असतात. आजी दुपारभर तिथेच बसून असतात. पिल्ले वर येऊन तोंडे वासतात आणि आजींना ते पाहवत नाही. “आवं, उपाशी हाईत की लेकरं. वाईच घाला की!” माशाचे पिल्लू जागे असताना अन्नाच्या आशेने तोंड वासतेच, भूक असो वा नसो, हे त्यांना पटवता येत नाही. चौघांनी तीन-तीन वेळा मिळून बारा जेवणे होतात. पाहुणे आले तर पंधरा.

या पाहुणचारात उकडलेल्या अंड्याचा बलक शिरला की परिस्थिती गंभीर होते. पिल्लांसाठी बलक हे जुने आणि चांगले खाद्य आहे. वाटाण्याएवढा बलक मलमलीच्या फडक्यात बांधून वाटीभर पाण्यात पिळायचा आणि त्या पाण्याचे मोजके थेंब टाकीत सोडायचे. उरलेले अंडे घरातल्या कोणीतरी मीठ लावून खायचे. प्रत्यक्षात ‘लेकरं पन्नास आणि बलक एवढासा’ हा हिशेब माणसांच्या मापाने केला जातो आणि अख्खा बलक टाकीत जातो. पाण्याला पांढऱ्या रश्श्याचा रंग येतो आणि संध्याकाळपर्यंत वासही त्या वाटेला लागतो. तांबड्याचा प्रयोग अजून कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

ज्यांना शास्त्रशुद्ध काही करायचे असते ते आर्टेमियाकडे वळतात. ही खाऱ्या पाण्यातली सूक्ष्म कोळंबीवर्गीय जात. तिची सुकी अंडी डबीत मिळतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीचे बूड कापायचे, बाटली उलटी बांधायची, त्यात लिटरला साधारण २५ ते ३० ग्रॅम मीठ विरघळवायचे, पाव चमचा अंडी टाकायची आणि तळापर्यंत हवेची नळी सोडायची. उबदार पाण्यात २४ ते ३६ तासांत नारिंगी ठिपके पोहू लागतात. हवा बंद करून खालच्या बाजूला टॉर्च धरला की जिवंत जीव उजेडाकडे गोळा होतात आणि टरफले वर तरंगतात. गोळा झालेले जीव नळीने काढून, गोड्या पाण्यात धुऊन पिल्लांना द्यायचे. टरफले देऊ नयेत, ती पचत नाहीत. पिल्लांच्या वाढीसाठी याच्याइतके गुणकारी काही नाही, याबद्दल जगभरच्या मत्स्यपालकांचे एकमत आहे. कोल्हापुरातही त्याला विरोध नाही. विरोध आहे तो ही बाटली ओट्यावर, तेलाच्या किटलीशेजारी, चोवीस तास बुडबुड करत उभी राहण्याला. पहिल्या खेपेची अंडी फुटण्याच्या थोडे आधी ती मोरीत ओतली जाते.

फायटर आणि गुरामीची पिल्ले इतकी बारीक असतात की आर्टेमियाही त्यांना पहिल्या दिवसांत मोठा पडतो. त्यांना इन्फुसोरिया, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पाण्यातले जीव, द्यावे लागतात. कोबीचे पान किंवा केळीची साल टँकच्या जुन्या पाण्यात टाकून बरणी गॅलरीत ठेवली की पाणी आधी गढूळ होते, घाण वास येतो आणि काही दिवसांनी ते निवळू लागते. निवळले की ते वापरायचे. ही बरणी निवळेपर्यंत टिकवणे हीच या पद्धतीतली खरी कसरत आहे. म्हणून कोल्हापुरात गप्पी फार आणि घरी वाढवलेले फायटर थोडे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पावसाळ्यात गावातल्या लहान पोरालाही पाठ असते. टँकच्या पाण्यातला धोका असा फुटांत दिसत नाही. उरलेले खाद्य आणि माशांची घाण कुजून अमोनिया तयार होतो. तो रंगहीन असतो आणि माशांचे कल्ले जाळतो. टाकीच्या वाळूत आणि स्पंजमध्ये वस्ती करणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. ही जिवाणूंची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टँक आणला त्याच आठवड्यात पिल्ले झाली तर पाणी आरशासारखे लख्ख असूनही ती मरतात आणि घरचे लोक दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळतात. मीठ-मोहऱ्यांनी अमोनिया जात नाही. थोडे-थोडे पाणी बदलल्याने जातो.

थोडे-थोडे, म्हणजे दोन-तीन दिवसांआड दहा ते वीस टक्के. तळाची घाण बारीक नळीने ओढून घ्यायची, नळीच्या तोंडाला फडके बांधायचे, नाहीतर पिल्लेच आधी बादलीत येतात. पण रविवारी घराची स्वच्छता निघाली की टँकही निघतो. सगळे पाणी ओतले जाते, वाळू नळाखाली खळखळून धुतली जाते, स्पंज भांड्यांच्या साबणाने घासला जातो आणि महिनाभर जमवलेली जिवाणूंची वस्ती मोरीतून वाहून जाते. घासूनपुसून लख्ख केलेला टँक हा पिल्लांच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळावा, बास.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो असावाही, कारण ते पाणी माणसांसाठी सोडलेले असते. माशांसाठी तेच पाणी बादलीत चोवीस तास उघडे ठेवावे किंवा त्यात दुकानात मिळणारे क्लोरीन घालवायचे औषध टाकावे. पहिला उपाय बिनखर्ची, पण भरलेली बादली कोल्हापुरी घरात चोवीस तास शिल्लक राहत नाही. कोणीतरी त्यात फरशी पुसायचे फडके बुडवते, कोणी त्या पाण्याने गाडी धुते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले तर ते निवळून, गाळूनच वापरावे. महापुरात तर निराळेच संकट येते. २०१९ आणि २०२१ साली पाणी उपसा केंद्रेच पुरात सापडली आणि चहूबाजूंनी पाणी असलेले शहर नळाच्या पाण्यासाठी टँकरच्या रांगेत उभे राहिले. अशा दिवसांत टँकचे पाणी बदलायचे नाव कोणी काढत नाही आणि काढूही नये. खाद्य अगदी कमी करावे. मोठे मासे आठवडाभर न खाता राहू शकतात. पिल्लांना दिवसाला एक चिमूट पुरे.

पिल्लांना २४ ते २८ अंश तापमान मानवते. कोल्हापूरची हवा वर्षातले बरेच महिने हे काम फुकट करते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मात्र पाणी गार पडते, पिल्ले तळाशी बसतात आणि अंगावर साखरेच्या कणांएवढे पांढरे ठिपके उठण्याचा रोग बळावतो. लहान हीटर लावावा आणि पाणी बदलताना तो आधी बंद करावा. वीज गेली तर टँकभोवती घोंगडे गुंडाळता येते. आजींना हा उपाय मनापासून पटतो आणि त्या तो उन्हाळ्यातही करू पाहतात. हवा बंद पडली तर मगने पाणी काढून थोड्या उंचीवरून परत ओतत राहावे. पिल्ले असतील तर हळू ओतावे.

एवढे सगळे नीट केले तरी काही पिल्ले मरतात. कारण कळत नाही आणि कळून उपयोगही नसतो. निम्मी वाढली तर घराने स्वतःला बरे म्हणावे. जी वाढतात ती भराभर वाढतात. तीन-चार आठवड्यांत नर-मादी ओळखू येतात. नराचा पोटाखालचा पर लांब, टोकदार होतो आणि शेपटीत रंग उतरतो. मादीच्या पोटाशी तोच तो डाग दिसू लागतो. या टप्प्यावर दोघांना वेगळे केले नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात भावंडांचाच संसार सुरू होतो. एका टँकचे दोन टँक करायला घरातून परवानगी मिळत नाही. पूर्वीची आई दर महिन्याला आपले काम करतच असते. गर्दी झाली की वाढ खुंटते, पाणी लवकर खराब होते आणि जिची सुरुवात ‘एकच जोडी’ अशी झाली होती ती गोष्ट शेकड्यात जाते.

मग वाटप सुरू होते. पहिली खेप नातेवाइकांना कौतुकाने दिली जाते, दुसरी आग्रहाने. तिसऱ्या खेपेपासून हवा भरलेली प्लॅस्टिकची पिशवी हातात दिसली की शेजारचे दार लागते. दुकानदार देखण्या शेपटीचे नर तेवढे ठेवून घेतो आणि बदल्यात खाद्याची डबी देतो. त्या डबीने उरलेल्यांची वाढ आणखी वेगाने होते. शेवटी कोणीतरी रंकाळ्याचे नाव काढते. हे मात्र करू नये. गप्पी परदेशी मासा आहे, कोणत्याही पाण्यात तग धरतो आणि स्थानिक लहान माशांच्या वाट्याचे खातो. चिलापी १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज तो कुठे नाही ते शोधावे लागते. गप्पी द्यायचेच तर हिवताप विभागाला विचारून द्यावेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी बंदिस्त हौद, बांधकामावरच्या टाक्या आणि बंद पडलेली कारंजी यांत ते सोडले जातात. तिथे त्यांना दिवसातून एकदाही कोणी खायला घालत नाही आणि तिथे ते उत्तम वाढतात.